घरी येईलच की!

माझी आई खोटे बोलत नाही. हे विधान मी मुलाच्या भाबडेपणाने करीत नाही, पंचेचाळीस वर्षांच्या अनुभवाने करतो. बाजारात भाजीवालीने चुकून पाच रुपये जास्त परत दिले तर भर उन्हात ती माघारी जाते. आणि एखाद्या घरचे लोणचे बिघडले असेल तर तेही ती त्या घरच्या बाईला तोंडावर सांगते. म्हणूनच २०२४ च्या जानेवारीत, एका एकादशीच्या रात्री, ओटीवरचे बायकांचे भजन आटोपल्यावर तिचे जे बोलणे माझ्या कानी आले त्याने मी चकित झालो. मी आतल्या खोलीत मुलांच्या वह्या तपासत होतो. हातातले लाल पेन घसरले आणि एका गरीब पोराच्या निबंधावर उगाच एक तांबडी रेघ उमटली.

बायका 'बाईपण भारी देवा' या चित्रपटाविषयी बोलत होत्या. केदार शिंदे यांचा हा चित्रपट ३० जून २०२३ रोजी प्रदर्शित झाला. सहा बहिणी, त्यांचे रुसवेफुगवे आणि मंगळागौरीची एक स्पर्धा, एवढीच त्याची गोष्ट. पण त्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर बायका ठेवणीतली लुगडी नेसून, गजरे माळून, गाड्या ठरवून घोळक्याघोळक्याने तो पाहायला गेल्या. आमच्या आळीतल्याही नऊ जणी गेल्या होत्या. सहा महिने उलटले तरी त्या सहलीचा फराळ अजून पुरवून पुरवून खाल्ला जात होता. कोण कुठे हसली, कोणी कोणाचा हात धरला, परतताना गाडीत कोणी फुगडीचा विषय काढला. आणि मध्येच आई म्हणाली,

"मीपण बघितला की! हा घेऊन गेला होता मला. काय गर्दी होती गं बाई! पाय ठेवायला जागा नव्हती."

'हा' म्हणजे मी. आणि मी तिला कुठेही घेऊन गेलो नव्हतो.

खरी हकीकत अशी. त्या नऊ जणी निघाल्या तेव्हा आईलाही जायचे होते. तिचे गुडघे दुखतात म्हणून गाडीतल्या बायकांनी थोडी कुरकुर केली, आणि तिनेही मग मानाने नको म्हटले. मला म्हणाली, "तू एखाद्या रविवारी नेशील का रे?" मी पोलादपुरात राहतो आणि महाडला मास्तरकी करतो. रोजची एस.टी., उरल्या वेळात कादंबरीची पाने, रविवारी घरातली कामे. चौघांची तिकिटे, जाण्यायेण्याचा खर्च, मध्यंतरातले खाणे, हे सारे मी मनातल्या मनात मांडून पाहिले आणि म्हणालो, "आई, कशाला एवढी दगदग? घरी येईलच की!"

आणि तो आला. हल्ली सारेच घरी येते. चित्रपटगृहात लागलेला चित्रपट काही आठवड्यांत, फार तर दोनेक महिन्यांत, ज्याला ओटीटी म्हणतात त्या वाटेने आपल्या भिंतीवरच्या टीव्हीत उतरतो. मुलाने मोबाइलवर काहीतरी दाबले आणि चित्रपट सुरू झाला. वीस मिनिटे झाली असतील, कुकरची तिसरी शिट्टी झाली, थांबवला. पुन्हा लावला तो आमच्या हिच्या माहेरचा फोन आला, थांबवला. मग आईच म्हणाली, "थांबव जरा, दूध ठेवलंय." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज गेली. तिसऱ्या दिवशी मुलाची परीक्षा जवळ आल्यामुळे आवाज बारीक ठेवून तिने उरलेला भाग पाहिला. मी आतून विचारले, "संपला का गं?" ती म्हणाली, "संपला." शेवटी ती रडली की काय ते मला ठाऊक नाही. पाहायला तिथे कोणी नव्हते.

आता गंमत पाहा. चित्रपट तिने पाहिला होता, यात खोटे काही नाही. पहिल्या दृश्यापासून शेवटच्या पाटीपर्यंत, कदाचित त्या नऊ जणींपेक्षा बारकाईने पाहिला होता. त्या बायकांनी तिची परीक्षा घेतली असती तर ती पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली असती. मग तिने खोटे सांगितले ते कशाविषयी? चित्रपटाविषयी नव्हे, गर्दीविषयी. पाय ठेवायला जागा नव्हती, हे तिला सांगावेसे वाटले. सत्याला इतकी जपणारी बाई ज्या गोष्टीसाठी सत्य सोडते ती गोष्ट क्षुल्लक कशी असेल? या प्रश्नाने गेली पावणेदोन वर्षे माझा पिच्छा पुरवला आहे. मी तत्त्वज्ञानाचा अभ्यासक नव्हे. जुन्या भाषेत सांगायचे तर मॅट्रिक झालेला मास्तर आहे. तेव्हा वाचकांनी या लेखात मोठ्या ग्रंथांचे आधार शोधू नयेत.

आईच्या आठवणीतला सर्वांत जुना चित्रपट म्हणजे आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई'. तो १९५३ साली निघाला आणि पुढच्या वर्षी त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, हे आपण सारे जाणतो. आईने तो बऱ्याच वर्षांनी, लहानपणी, एका गावच्या जत्रेतल्या तंबूत पाहिला. जमिनीवर बसून. साने गुरुजींचे पालगड आमच्यापासून फार लांब नाही. त्यामुळे ती गोष्ट आमच्याच शेजारच्या घरात घडल्यासारखी इकडच्या लोकांना वाटते. आईला त्या चित्रपटातले प्रसंग आता धड आठवत नाहीत. पण ती सांगते की, शेजारी एक अनोळखी म्हातारी बसली होती. सारा तंबू हुंदके देत होता, आणि त्या म्हातारीने स्वतःचे डोळे पुसता पुसता त्याच पदराने या परक्या पोरीचेही डोळे पुसले. ती कोण, कुठल्या गावची, कोणत्या जातीची, आईला आजतागायत कळलेले नाही. चित्रपट म्हटला की आईला तो पदर आठवतो. मी तिला घरी आणून दिला त्या चित्रपटाला पदर नव्हता.

इथे मला एक कबुली दिली पाहिजे. मी कादंबऱ्या लिहितो. फार खपतात असे नाही, पण लिहितो. आणि कादंबरी ही तर एकट्याने, कोपऱ्यात, दुसऱ्याला न सांगता करायची चैन आहे. माझ्या आजोबांच्या काळी चातुर्मासात देवळात पोथी लागायची. एकजण वाचायचा, गाव ऐकायचे. ऐकणाऱ्यांत वाचता न येणारेच पुष्कळ असत. मग छापील पुस्तके घरोघर आली आणि पोथी सुटली. देवळात ऐकणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्याने त्या वेळी तक्रार केलीच असेल की, ही पोरे पुस्तक घेऊन माळ्यावर जाऊन बसतात, एकटीच हसतात, एकटीच रडतात, हे काही खरे नाही. त्या तक्रारीकडे कोणी लक्ष दिले असते तर माझ्यासारख्यांचा जन्म फुकट गेला असता. एकांतात वाचणाऱ्यालाच पुष्कळदा स्वतःचे मन सापडते. देवळातल्या पोथीने जे विचार मनात येऊ दिले नसते ते माळ्यावरच्या पुस्तकाने येऊ दिले. मग जे पुस्तकाला शोभते ते चित्रपटाला का शोभू नये? चित्रपटाने काय गर्दीशी लग्न लावले आहे?

लग्नाचे सोडा, पण सोयरीक जुनी आहे. आणि तिचा इतिहास पाहिला तर आपल्या आजच्या वादाला एक वेगळेच वळण लागते. हलती चित्रे प्रथम दाखवली गेली ती पडद्यावर नव्हेच. अमेरिकेत एडिसनच्या कारखान्यातून निघालेली पेटी १८९४ साली न्यूयॉर्कमध्ये पैसे घेऊन लोकांपुढे ठेवण्यात आली. तिला वर एक भिंग, आणि एका वेळी एकाच माणसाने वाकून डोळा लावायचा. दीड वर्षाने, २८ डिसेंबर १८९५ रोजी, पॅरिसच्या एका कॅफेच्या तळघरात ल्युमिएर बंधूंनी तीच हलती चित्रे भिंतीवर टाकून तेहतीस माणसांना एकदम दाखवली. चित्रे हलण्याचा चमत्कार आधीच झाला होता. नवे होते ते हे की, शेजारच्याला जे दिसते तेच मला त्याच क्षणी दिसते. आपण सिनेमाचा जन्म धरतो तो या तळघरापासून, पेटीपासून नव्हे.

पेटी मी स्वतः पाहिली आहे, म्हणजे तिची आपल्याकडची गरीब बहीण. महाडला विरेश्वराच्या छबिन्याच्या जत्रेत माझ्या लहानपणी एक पेटीवाला यायचा. पत्र्याची रंगीत पेटी, तिला चार-पाच गोल भोके, आत चित्रांची गुंडाळी. आम्ही पोरे रांगेने डोळे चिकटवून वाकायचो. प्रत्येकाची भोके निराळी, पण पेटीवाला एकच, आणि बाहेरून पाहणाऱ्याला आमच्या फक्त वाकलेल्या पाठी दिसायच्या. परवा रात्री जेवणानंतर मी आमच्या घरात सहज नजर टाकली. मुलगा मोबाइलवर, ही मोबाइलवर, पाहुणा आलेला भाचा मोबाइलवर. वाकलेल्या तीन पाठी. मला एकदम छबिन्याची आठवण झाली. फक्त आता गुंडाळीही प्रत्येकाची वेगळी आहे.

हिंदुस्थानात ल्युमिएरचे खेळ आले ते ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात. तिकीट एक रुपया. हॉटेल युरोपियनांच्या राहण्याचे, आणि त्या काळचा रुपया म्हणजे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची रक्कम. थोड्याच दिवसांत ते खेळ नॉव्हेल्टी नाटकगृहात होऊ लागले आणि पुढे चार आण्यांपर्यंत दर उतरला. माझ्या मते आपल्याकडे सिनेमा खऱ्या अर्थाने आला तो या चार आण्यांच्या दाराने. अंधार झाला की चार आण्यांचा आणि दोन रुपयांचा प्रेक्षक एकाच ठिकाणी हसतो, हे त्या दाराने शिकवले.

मी महाडच्या मातीत वाढलो, तेव्हा माझे मन इथे आणखी एका जागी जाते; जाऊ नये असे म्हटले तरी जाते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी प्यायले. तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने आधीच केला होता, पण कागदावर. त्या पाण्यावाचून कोणी तहानेने मरत होते म्हणून तो सत्याग्रह नव्हता. पाणी दुसरीकडेही मिळत होते. त्या काळातही कोणी शहाणा त्यांना म्हणाला असेल, "कशाला एवढी दगदग? तुमच्यापुरते पाणी तुमच्या वस्तीत आहेच की!" सिनेमाच्या तिकिटाची आणि त्या ओंजळीची तुलना करताना माझी जीभ अडखळते, एक माणुसकीचा प्रश्न आणि दुसरा करमणुकीचा. पण एवढे मात्र महाडने मला शिकवले आहे की, वस्तू मिळणे आणि ती चारचौघांत, बरोबरीने मिळणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. जिला पहिली मिळाली तिने दुसरीविषयी तक्रार करू नये, असे म्हणणारा मनुष्य बहुधा स्वतः काठावर बसलेला असतो. मी आईला घरी येईलच की म्हणालो तेव्हा मी असाच काठावर बसलो होतो.

पण लगेच दुसरी बाजू डोळ्यांपुढे उभी राहते आणि मला गप्प करते.

आमच्या नात्यात एक वहिनी आहेत. वाडी रस्त्यापासून आत, घरात सासूसासरे, गोठ्यात दोन म्हशी, नवरा मुंबईला. लग्न होऊन आलेल्याला अठरा वर्षे झाली. या अठरा वर्षांत त्यांनी चित्रपटगृहाची पायरी चढलेली नाही. जायचे कोणाबरोबर, कोणाला विचारून आणि म्हशींची धार कोण काढणार? आता रात्री सारे निजले की त्या चुलीपाशी बसून कानात बोंडे घालून मोबाइलवर चित्रपट पाहतात. एकदा मुक्कामाला होतो तेव्हा मध्यरात्री स्वयंपाकघरातून हसू ऐकू आले. दबलेले, तोंडावर पदर धरलेले, पण पोटातून आलेले हसू. अठरा वर्षांत मी त्यांना तसे हसताना ऐकले नव्हते. सकाळी मी विषय काढला तर लाजल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, तेवढाच वेळ माझा असतो." त्यांना मी कोणत्या तोंडाने सांगू की, वहिनी, चित्रपट गर्दीतच पाहावा?

माझ्या एका सहकाऱ्याचा मुलगा चाकाच्या खुर्चीत असतो. त्याच्या लेखी चित्रपटगृह म्हणजे पायऱ्या. आणि जे गर्दीचे गोडवे गातात त्यांनी एकदा तिकिटाच्या खिडकीशी उभे राहून हिशेबही करावा. मोठ्या शहरांतल्या चकचकीत इमारतींत लाह्यांच्या एका पुडक्याला जे पडते त्यात आमच्याकडे दोन दिवसांची भाजी येते. वॉटसनचा रुपया परत आला आहे म्हणायचा. सारे बरोबरीने बसतात ती जागा म्हणून जिचे कौतुक करावे, तिने गरिबाला दारातच अडवले, तर तो भोकाच्या पेटीकडे वळला म्हणून त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

टाळेबंदीच्या दिवसांत तर हा वादच उरला नव्हता. मार्च २०२० मध्ये पडदे बंद झाले, आणि १२ जून २०२० ला 'गुलाबो सिताबो' हा बड्या नटांचा चित्रपट चित्रपटगृह न पाहताच थेट घरात आला. मराठीत १९ मार्च २०२१ ला 'पिकासो' तसाच आला. कोकणातला एक दशावतारी नट, त्याचे व्यसन, त्याचा चित्रे काढणारा मुलगा. मी तो घरीच पाहिला आणि सुन्न होऊन बसलो. असला लहानसा, बिनबाजाचा चित्रपट एरवी आमच्यापर्यंत कधी पोचला असता? चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला आणि एप्रिल २०२१ मध्ये तोही थेट घरी आला. मी तो रात्री एकट्याने, दोनदा पाहिला. त्यातल्या गायकाचे हळूहळू होत जाणारे अपयश पाहायला मला शेजारी कोणी नको होते. एका फसलेल्या कादंबरीचे बाड तेव्हा माझ्या टेबलावर पडलेले होते.

तेव्हा प्रश्न घर की थिएटर असा मांडला की उत्तर दोन्हीकडून येते आणि आपण जिथल्या तिथे राहतो. मला खुपते ते निराळे आहे. ते त्या थांबवण्याच्या बटणात आहे.

चित्रपटगृहात मी दुसऱ्याच्या काळाच्या स्वाधीन होतो. पडद्यावर एखादी बाई मुलाच्या मरणाने आक्रोश करू लागली की तो आक्रोश तिचा संपेपर्यंत मला ऐकावा लागतो; माझ्या सोयीने तो आटोपत नाही. घरी मला तो थांबवता येतो. चहा करून येता येतो. नकोसा असेल तर दहा-दहा सेकंदांच्या उड्या मारीत पुढे जाता येते. माझा मुलगा तर सगळेच दीडपट वेगाने पाहतो, म्हणतो, "बाबा, लवकर कळतं." त्याला काय लवकर कळते? गोष्ट कळते, हे खरे. पण कोणाचे दुःख दीडपट वेगाने ऐकून घ्यायची सवय जिभेला तिखटाची लागावी तशी मनाला लागते. वर्गात एखादे पोर अडखळत अडखळत घरची अडचण सांगू लागते आणि माझ्याच मनात बोट पुढे सरकवण्याची इच्छा उगवते, तेव्हा मला स्वतःची भीती वाटते. मी आईच्या बोलण्यात किती वेळा असा पुढे सरकलो असेन! नेशील का रे, हे तिचे वाक्य पुरते संपण्याआधीच माझे उत्तर तयार होते.

वाचकांपैकी कोणी म्हणेल की, पुस्तकही मिटून ठेवता येते. खरे आहे. त्यावर मला पुरेसे उत्तर सापडलेले नाही. एवढेच सुचते की, पुस्तक मिटले की पात्रे माझ्या डोक्यात चालत राहतात, कारण त्यांना चेहरे मीच दिलेले असतात. पडद्यावरची माणसे बटण दाबताच तोंड उघडे टाकून गोठून बसतात आणि मी निश्चिंतपणे दूध बघायला जातो.

मात्र गर्दीची बाजू घेताना मला एक भीतीही सांगून टाकली पाहिजे. आमचा मुलूख रायगडच्या पायथ्याचा. पोलादपूर तालुक्यातले उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव, आणि शंभूराजांचा राज्याभिषेक झाला तो इथून वर पाहिले की ढगात दिसणाऱ्या त्या गडावर. जानेवारी २०२० मध्ये 'तान्हाजी' आला आणि १४ फेब्रुवारी २०२५ ला 'छावा' आला, तेव्हा इकडच्या लोकांना ते चित्रपट नव्हेत, घरचे कार्य वाटले. 'छावा' मी चित्रपटगृहात पाहिला. शेवटच्या अर्ध्या तासात लोक उभे राहिले, घोषणा झाल्या, माझ्या पुढच्या रांगेतला दांडगा गडी लहान मुलासारखा रडला. मीही रडलो आणि मीही ओरडलो. बाहेर उजेडात आल्यावर मात्र क्षणभर चपापलो. इतक्या थोड्या वेळात मी इतक्या माणसांतला एक होऊन गेलो. त्या क्षणी कोणी काहीही ओरडायला सांगितले असते तरी मी ओरडलो असतो का? पुढे तोच चित्रपट घरी पाहिला. थांबवून, मागे नेऊन पाहिला. इतिहासाचे पुस्तक मांडीवर घेऊन पाहिला. डोळे कोरडे होते आणि मनात प्रश्न होते. दोन्ही वेळचा मी खराच होतो. कोणता अधिक खरा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

त्याच सुमारास वर्गातली दोन मुले मधल्या सुट्टीत मोबाइलवर काही पाहत होती. चित्रपटगृहात बसून कोणीतरी चोरून टिपलेली प्रत. पडदा तिरका, मध्येच कोणाचे तरी डोके. मी रागावलो. चोरीचा माल आहे, हे समजावून सांगितले. घरी चांगली प्रत येणार आहे, थोडा धीर धरा, असेही म्हणालो. त्यांतला एक जण खाली मान घालून म्हणाला, "सर, चांगल्यात मजा नाय. ह्यात लोकांच्या शिट्ट्या ऐकू येतात." मी मोबाइल जप्त केला आणि शिक्षकांच्या खोलीत येऊन बराच वेळ बसून राहिलो. चोरी ती चोरीच. पण त्या पोराने चोरले होते काय, याचा विचार मी आजही करतो.

२२ जुलै २०२१ च्या रात्री सावित्रीचे पाणी महाडात शिरले ते सर्वांना आठवत असेल. त्याच दिवशी तळीयेवर दरड कोसळली. त्या दिवसांविषयी लिहायला बसलो तर हा लेख बाजूला राहील, म्हणून एकच गोष्ट सांगतो. पाणी ओसरल्यावर काही कुटुंबांना एका शाळेत ठेवले होते, तिथे मी कामाला जात असे. घरांतून चिखल उपसून माणसे संध्याकाळी परतत आणि भिंतीला टेकून, एकमेकांशी न बोलता बसत. आठ-दहा दिवसांनी वीज आली. मदतीला आलेल्या एका तरुणाच्या लॅपटॉपमध्ये एक जुना विनोदी चित्रपट उतरवून ठेवलेला होता. शाळेच्या कपाटात चित्र भिंतीवर टाकायचे यंत्र सुदैवाने वरच्या फळीवर राहिले होते. दोन खिळ्यांना एक चादर बांधली. चाळीसएक माणसे असतील. पहिली दहा मिनिटे कोणी हसले नाही. हसावे की नाही, हेच कोणाला ठरवता येत नव्हते. घरे गेलेली, आळीत मर्तिके झालेली. मग एक म्हातारे गृहस्थ, ज्यांच्या दुकानातला दाणा न् दाणा कुजला होता, एकदम मोठ्याने हसले. साऱ्यांनी वळून त्यांच्याकडे पाहिले. आणि मग हळूहळू सगळे हसू लागले. हसायला परवानगी लागते आणि ती एकट्याला स्वतःच्या स्वतःला देता येत नाही, असे काहीतरी मला त्या रात्री वाटले. चित्रपट घरी पाहण्याच्या वाटेने आलेला होता, यंत्र शाळेचे, चादर कोणाच्या तरी अंथरुणाची. महाराष्ट्रातली चित्रपटगृहे तेव्हा बंदच होती. ती उघडली ऑक्टोबरात.

२०२५ च्या सप्टेंबरच्या १२ तारखेला 'दशावतार' लागला. दिलीप प्रभावळकरांनी दृष्टी जात चाललेल्या म्हाताऱ्या दशावतारी कलावंताचे काम केले आहे. आईने वर्तमानपत्रातली जाहिरात पाहिली आणि काही बोलली नाही. तिने काही न बोलणेच मला जास्त लागले. हिशेब न करता मी रजा टाकली, गाडी सांगितली आणि तिला घेऊन निघालो. तिने ठेवणीतले लुगडे नेसले होते. कामाचा वार, दुपारचा खेळ. पायऱ्यांवर तिला धरून धरून चढवले, दार उघडून आत गेलो.

मोजून अकरा माणसे होती. आई अंधारात डोळे ताणून रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत राहिली. "एवढीच माणसं?" ती हळूच म्हणाली. मला उगीचच अपराध्यासारखे झाले. चित्रपट सुरू झाला. मध्यंतरात तिने आपणहून चार रांगा पुढे बसलेल्या एका बाईंशी ओळख काढली, त्यांना पर्समधली खडीसाखर दिली आणि उरलेला चित्रपट त्यांच्या शेजारी बसून पाहिला. मी मागे एकटा बसलो होतो. कधीतरी पडद्याच्या उजेडात दोघी एकमेकींच्या कानाला लागलेल्या दिसत.

पुढच्या एकादशीला भजन झाल्यावर विषय निघालाच. मी आतल्या खोलीत सहामाहीचे पेपर तपासत होतो.

"खच्चून भरलं होतं," आई सांगत होती. "एक खुर्ची रिकामी नव्हती. विचारा ह्याला!"

बायकांनी दारातून माझ्याकडे पाहिले. मी पेपरातून डोके वर काढले आणि म्हणालो, "हो. आम्हांला शेजारी शेजारी जागाच मिळाली नाही."